झारचा 'राज्याभिषेक' म्हणायचं की 'राज्यारोहण'?

विचारलेला प्रश्न असा आहे की रशियाचा शेवटचा झार दुसरा निकोलस याच्याबद्दल एका मराठी लेखात 'राज्याभिषेक १८९४' छापलंय आणि दुसऱ्यात 'राज्याभिषेक १८९६', तर बरोबर काय? आणि त्यालाच जोडून, अभिषेक हा आपल्याकडचा धार्मिक शब्द, तो ख्रिस्ती राजाला कसा काय लावायचा, 'मुकुटधारण' जास्त बरोबर नाही का?

आधी सरळ उत्तर देतो. १८९४ हे राज्यारोहण, १८९६ हा राज्याभिषेक. आणि हो, रशियाच्या बाबतीत 'राज्याभिषेक' हाच शब्द मला सगळ्यात योग्य वाटतो, निव्वळ रूढ आहे म्हणून नाही तर तिथे खरोखरच अभिषेक व्हायचा म्हणून.

राज्यारोहणाचं कसं असतं, आधीचा राजा गेला की त्याच क्षणी वारस राजा होतो. तिसरा अलेक्झांडर १८९४ च्या शरदात क्रिमियात लिवादियाला वारला आणि निकोलस तिथेच सम्राट झाला, मुकुट नाही, मिरवणूक नाही, काही नाही. समारंभ झाला तो दीड वर्षाने, मे १८९६ मधे, आणि तोही राजधानी पीटर्सबर्गला नाही तर मॉस्कोला, क्रेमलिनमधल्या उस्पेन्स्की कॅथेड्रलमधे. पीटर द ग्रेटने राजधानी हलवली तरी हा विधी मॉस्कोतून कोणी हलवला नाही. आपल्या इतिहासात हा फरक दाखवणारे दोन वेगळे शब्द आहेतच की, संभाजी महाराजांचं मंचकारोहण १६८० चं आणि विधिपूर्वक राज्याभिषेक १६८१ च्या जानेवारीतला, कोणी या दोन्हीची सरमिसळ केली की आपण लगेच टोकतो. मग झारच्या बाबतीत ढिलाई का करायची?

हा फरक नुसता कागदावरचा नव्हता हे बघायचं तर तिसऱ्या पीटरची गोष्ट बघा. १७६२ साली तो जेमतेम सहा महिने गादीवर होता, मुकुट चढायच्या आतच बायकोने म्हणजे कॅथरीनने त्याला पदच्युत केलं आणि थोड्याच दिवसांत तो मारला गेला. राज्याभिषेक झालेला नाही म्हणून त्याला इतर सम्राटांच्या शेजारी पुरलंही नाही. कॅथरीनने मात्र स्वतःचा राज्याभिषेक तीन महिन्यांच्या आत उरकून घेतला. पुढे १७९६ मधे मुलगा पॉल गादीवर आला आणि त्याने काय केलं तर बापाचे चौतीस वर्षांपूर्वी पुरलेले अवशेष बाहेर काढून शवपेटीवर मुकुट ठेवला, आणि मग ती पेटी बाकीच्या सम्राटांच्या रांगेत नेऊन पुरली. स्वतः पॉलचा राज्याभिषेक त्यानंतर, १७९७ च्या ईस्टरला.

आता अभिषेकाकडे. रशियन ऑर्थोडॉक्स विधीत मिरो नावाचं सुगंधी पवित्र तेल असतं. मुकुट चढल्यानंतर प्रार्थनाविधी चालू असताना झार वेदीच्या दारापाशी जायचा, तिथे मुख्य धर्मगुरू ते तेल त्याच्या कपाळाला, डोळ्यांना, नाकपुड्यांना, ओठांना, कानांना, छातीला आणि हातांना लावायचे आणि प्रत्येक वेळी 'पवित्र आत्म्याच्या दानाची मुद्रा' अशा अर्थाचे शब्द उच्चारायचे. मग त्या दारातून त्याला आत नेऊन भाकर आणि द्राक्षारस वेगवेगळे द्यायचे, जसे फक्त धर्मगुरू घेतात तसे, आणि हा मान त्याला आयुष्यात त्या एका दिवशीच. रशियनमधे राजाला 'पोमाझान्निक' म्हणतात म्हणजे तेल लावलेला, आणि मराठी बायबलमधे याच अर्थाने 'अभिषिक्त' शब्द कधीपासून आहे, शौल आणि दावीद यांचा तेलाने अभिषेक झाला असंच आपण वाचतो. म्हणजे अभिषेक पाण्याचाच हवा, मंत्र संस्कृतच हवेत, असं मराठीने कधीच धरलेलं नाही. तेव्हा शंका नको.

'मुकुटधारण' चुकीचा नाही, पण तो समारंभाचा एक भाग झाला. खुद्द रशियनमधलं जुनं नाव मात्र मुकुटावरूनच आहे, 'व्हेंचानिये ना त्सार्स्त्वो', म्हणजे राज्यासाठी मुकुट चढवणं, आणि यातला 'व्हेंचानिये' हाच शब्द चर्चमधल्या लग्नालाही वापरतात कारण ऑर्थोडॉक्स लग्नात नवरानवरीच्या डोक्यावर मुकुट धरतात. मला हे फार आवडतं, राजा राज्याशी लग्न लावतो असं त्या शब्दातच बसलंय.

एक चूक मात्र वारंवार दिसते, 'धर्मगुरूंनी निकोलसच्या डोक्यावर मुकुट ठेवला' असं लिहितात. नाही. धर्मगुरूंनी मुकुट त्याच्या हातात दिला, डोक्यावर त्याने स्वतः ठेवला. मग महाराणी अलेक्झांड्रा त्याच्यापुढे गुडघे टेकून बसली, त्याने आपला मुकुट काढून क्षणभर तिच्या डोक्याला टेकवला, परत स्वतः घातला आणि तिच्यासाठीचा छोटा मुकुट तिला चढवला. म्हणून क्रियापद जपून वापरा, 'मुकुट धारण केला' लिहिलं की काम भागतं.

मुकुट शब्दाचंही थोडं बघायला लागेल कारण १७२४ च्या आधीच्या झारांना युरोपियन घाटाचा मुकुट नव्हताच, टोपी होती. 'शाप्का मोनोमाखा', मोनोमाखची टोपी. सोन्याच्या बारीक तारकामाची, खाली सेबल नावाच्या प्राण्याच्या फरची कड, वर क्रॉस. १५४७ मधे इव्हान द टेरिबल झार झाला तो हीच टोपी घालून. बायझंटाईन सम्राट कॉन्स्टंटाईन मोनोमाखने कीव्हच्या व्लादिमिरला पाठवली अशी आख्यायिका आहे, पण तो सम्राट वारला तेव्हा व्लादिमिर दोनेक वर्षांचा होता, आणि टोपीचं कामही बऱ्याच नंतरचं, बहुतेक मध्य आशियातलं मानतात. १६८२ मधे दोन भाऊ एकदम झार झाले तेव्हा खरी टोपी थोरल्या इव्हानला आणि दहा वर्षांच्या पीटरला तिची नक्कल. मराठीत हिला 'मोनोमाखचा मुकुट' करू नका, टोपीच म्हणा, रशियन माणूसही टोपीच म्हणतो.

खरा 'मुकुट' म्हणजे १७६२ चा, कॅथरीनसाठी पोझिये आणि एकार्ट या जवाहिऱ्यांनी दोनेक महिन्यांत केलेला. ४,९३६ हिरे, ७५ मोती, वजन जवळजवळ दोन किलो, आणि निकोलसपर्यंतचे सगळे सम्राट हाच घालायचे. त्याच्या माथ्यावरच्या ३९८.७२ कॅरटच्या लाल खड्याला मराठीत सर्रास 'माणिक' लिहितात, पण तो माणिक नाही, स्पिनेल आहे, म्हणजे माणकासारखं दिसणारं वेगळं रत्न. यासाठी आपल्याकडे फारसीतून आलेला 'लाल' शब्द आहे, आणि जुन्या रशियनमधेही या खड्याला 'लाल'च म्हणायचे, तोही फारसीतूनच गेलेला! मी तर 'लाल' असंच लिहीन आणि पुढे 'म्हणजे स्पिनेल' जोडीन.

राजदंडाला अडचण नाही, शब्द तयार आहे. त्यावरचा १८९.६२ कॅरटचा ओर्लोव्ह हिरा भारतातला. दुसऱ्या हातातल्या सोन्याच्या गोळ्याला मात्र मराठीत रुळलेलं नाव नाही, रशियनमधे त्याला 'देर्झावा' म्हणतात, ज्याचा अर्थ सत्ता किंवा राज्य असाही होतो. 'पृथ्वीगोल' लिहिलं की नकाशाचा गोल डोळ्यापुढे येतो, म्हणून मी नुसतं 'क्रॉस असलेला सोन्याचा गोल' लिहितो.

या सगळ्या गोष्टी क्रेमलिनमधे आहेत, टोपी आर्मरी म्युझियममधे, मुकुट, राजदंड आणि गोल डायमंड फंडात, म्हणजे तिथल्या रत्नांच्या सरकारी संग्रहात. त्याच डायमंड फंडात राज्याभिषेकाशी संबंध नसलेला पण मराठी माणसाने बघावाच असा 'शाह' हिरा आहे, ८८.७ कॅरटचा, लांबट, पैलू न पाडता नुसता घासलेला. त्यावर फारसीत तीन नावं कोरलीत आणि त्यातलं पहिलं नाव अहमदनगरच्या दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाचं, हिजरी १००० म्हणजे १५९१-९२ चं. दुसरं शाहजहानचं, तिसरं इराणच्या फतेह अली शाहचं. तेहरानमधे रशियन राजदूत ग्रिबोयेदोव्ह मारला गेला त्यानंतर १८२९ मधे इराणने हा पहिल्या निकोलसला देऊन टाकला. आपल्या नगरचा हिरा आहे तो, पण त्याला 'राज्याभिषेकाचा हिरा' म्हणू नका.

राहिली तारीख. निकोलसच्या राज्याभिषेकाची १४ मे आणि २६ मे अशा दोन तारखा सापडतील, दोन्ही बरोबर आहेत, रशिया तेव्हा जुन्या ज्युलियन कॅलेंडरवर होता आणि त्या शतकात फरक बारा दिवसांचा होता. एकच कुठलीतरी धरा आणि 'जुनी गणना' की 'नवी गणना' ते शेजारी लिहा.