एकाच वर्गात तीन धर्म

प्रश्न : युगांडातल्या ज्यू शाळेत ख्रिस्ती आणि मुस्लिम मुलंही शिकतात. धर्मशिक्षण, जेवण कसं जमतं?

उत्तर : एम्बालेजवळची हदासा प्राथमिक शाळा अबायुदायांची, हा समाज १९१९पासून ज्यू धर्म पाळतो. शाळेत हिब्रूही शिकवतात. खरी अडचण सातवीच्या सरकारी परीक्षेत येते. समाजशास्त्राच्या पेपरात धर्माचे प्रश्न ख्रिस्ती किंवा इस्लामी, ज्यू पर्यायच नाही! म्हणून ज्यू मुलांना यांपैकी एकाची तयारी वेगळी करावी लागते. हे अन्यायाचंच आहे.

जेवण सोपं. पोशो (मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा) आणि घेवडा तिन्ही धर्मांना चालतो. कोशरसाठी (म्हणजे ज्यू आहारनियमांसाठी) दाणे नीट निवडावेत, कीड राहता कामा नये. मांसाची भांडी दुधाला वापरू नयेत. शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा पवित्र विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो. विषुववृत्त जवळ असल्याने सूर्यास्त वर्षभर साडेसहा-सातलाच, त्यामुळे ऋतूनुसार वेळापत्रक बदलावं लागत नाही.