सुट्या ट्रान्झिस्टरांपासून घरी ६४ बाइटची मेमरी बनवता येईल का?

तुम्ही विचारलंय की इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहात, आयसी (तयार चिप) अजिबात न वापरता सुट्या ट्रान्झिस्टरांची ६४ बाइटची मेमरी घरी करायची आहे, तर जमेल का, सुरुवात कुठून करायची आणि मुंबईत सामान कुठे मिळेल.

जमेल. पण ६४ बाइटच्या मागे लागू नका, १६ बिट करा: चार ओळी आणि प्रत्येक ओळीत चार बिट. ६४ बाइट म्हणजे ५१२ बिट. एक बिट धरून ठेवायला दोन ट्रान्झिस्टर लागतात, म्हणजे नुसत्या साठवणीचेच १०२४ झाले. बिटामागे सहा मिलिअँपिअर धरले तर तीन अँपिअरचा सप्लाय हवा. आणि एवढं करूनही खरं काम बाकीच राहतं, कारण बिट साठवणं हा यातला सोपा भाग आहे. हव्या त्याच बिटात लिहायचं आणि शेजारचा एकही हलू द्यायचा नाही, यात डोकं जातं, वायर जाते आणि ट्रान्झिस्टरही जातात. १६ बिटांत हा प्रश्न पूर्णपणे समोर येतो. त्यापुढे फक्त तेच ते जोडणं वाढत जातं.

आधी एक बिट करा. दोन बीसी५४७ (साधे, स्वस्त एनपीएन ट्रान्झिस्टर) घ्या. चपटी बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. (२एन३९०४ मध्ये हा क्रम उलटा असतो, म्हणून दोन्ही जाती एकाच डबीत ठेवू नका.) दोघांचे एमिटर ग्राउंडला जोडा. ५ व्होल्टपासून प्रत्येक कलेक्टरपर्यंत एक लाल एलईडी आणि ४७० ओहम, एकापाठोपाठ एक. मग पहिल्याच्या कलेक्टरपासून १० के (दहा हजार ओहमचा रेझिस्टन्स) दुसऱ्याच्या बेसला आणि दुसऱ्याच्या कलेक्टरपासून १० के पहिल्याच्या बेसला. पॉवर दिली की एकच एलईडी पेटतो. पेटलेल्या बाजूचा बेस वायरने क्षणभर ग्राउंडला टेकवा: तो विझतो, दुसरा पेटतो, आणि वायर काढली तरी तसाच राहतो. एक्लिस आणि जॉर्डन यांनी १९१८ मध्ये व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्या) वापरून जे सर्किट केलं होतं, तेच हे.

इथे बहुतेकांना वाटतं की काहीतरी चुकलंय, कारण ‘बंद’ बाजूचा एलईडीही मंद उजळत राहतो. चुकलेलं काही नसतं. समोरच्या बेसला लागणारा सुमारे ०.२ मिलिअँपिअर त्याच एलईडीतून जातो आणि हल्लीचे एलईडी तेवढ्यावरही दिसतात. एलईडीच्या दोन पायांवर समांतर १ के लावा. आता बंद बाजूला एलईडीवर अर्धा व्होल्टसुद्धा येत नाही आणि तो पूर्ण विझतो. शिवाय बेसला करंट वाढून मिळतो, त्यामुळे बिट अधिक घट्ट बसतो.

आता निवड. पुस्तकातलं डी लॅच (एक बिट धरून ठेवणारं गेटांचं सर्किट) जसंच्या तसं गेट जोडून केलं, तर बिटामागे आठ-नऊ ट्रान्झिस्टर सहज जातात. त्याऐवजी प्रत्येक बिटाला दोनच जादा ट्रान्झिस्टर द्या, दोन्ही कलेक्टरांवर एकेक. या जादा ट्रान्झिस्टरचा कलेक्टर बिटाच्या कलेक्टरला, बेस १० के मधून आडव्या ओळीच्या वायरला आणि एमिटर उभ्या डेटा वायरला. ओळ ५ व्होल्टवर असेल आणि डेटा वायर ग्राउंडवर असेल, तेव्हाच तो चालू होतो आणि आपल्या बाजूचा कलेक्टर खाली ओढतो. दोन अटी एकाच ट्रान्झिस्टरने तपासल्या! मला या सगळ्या उद्योगात हा भाग सर्वांत सुंदर वाटतो. प्रत्येक स्तंभाला दोन डेटा वायरी लागतात, पहिली ‘शून्य’ लिहायला आणि दुसरी ‘एक’ लिहायला. ज्या वायरीला काम नाही ती १० के ने ५ व्होल्टला बांधा. न निवडलेली ओळही लोंबकळत सोडू नका, ती ग्राउंडवरच असली पाहिजे.

ही रचना ५ व्होल्टवरच चालवा. बीसी५४७ चं बेस-एमिटर जंक्शन उलट्या दिशेने ६ व्होल्टपर्यंतच्या हमीचं असतं. न निवडलेल्या ओळीत बेस शून्यावर आणि एमिटर वर, अशी अवस्था कायम असते. ९ किंवा १२ व्होल्ट दिले तर जंक्शन उलटं वाहू लागेल आणि ट्रान्झिस्टर हळूहळू खराब होतील. मोबाइलचा जुना ५ व्होल्टचा चार्जर पुरतो.

पत्त्याच्या (कोणती ओळ हवी ते सांगणाऱ्या) दोन बिटांवरून चार ओळी काढायला, म्हणजे डिकोडरसाठी, अनेक जण १एन४१४८ डायोडचा अँड गेट लावतात. इथे तो नको. डायोडमुळे ‘शून्य’ ओळ ०.७ व्होल्टवर अडकते आणि तेवढ्यात न निवडलेले ट्रान्झिस्टर अर्धवट चालू होऊ शकतात. त्याऐवजी ओळीमागे दोन ट्रान्झिस्टर घ्या, कलेक्टर एकत्र करून १ के ने ५ व्होल्टला, म्हणजे नॉर गेट (दोन्ही इनपुट शून्य असतील तरच ओळ वर जाते). चार ओळींचे आठ आणि पत्ता उलटा करायला दोन, असे दहा. वाचनासाठी वेगळं सर्किट पहिल्या फेरीत नको, एलईडी दिसतातच.

हे हाताने केलंत की इतिहासातली एक गोष्ट आपोआप उलगडते. आपल्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये सुरू झालेला टिफ्रॅक संगणक व्हॉल्व्हवर चालायचा, पण त्याची मेमरी फेराइटच्या बारीक कड्यांची होती: ४० बिटांचे २०४८ शब्द. पुढे संगणक ट्रान्झिस्टरचे झाले, तरी मुख्य मेमरी बरीच वर्षं कड्यांचीच राहिली. आडव्या तारेतून अर्धा करंट, उभ्या तारेतून अर्धा, आणि दोन्ही जिथे भेटतात तेवढीच कडी पलटते. साठवणही कडीतच आणि निवडही कडीतच. बिटामागे चार ट्रान्झिस्टर लावून झाल्यावर त्या कडीची किंमत नीट कळते. १९७० मध्ये इंटेलची १०२४ बिटांची ११०३ चिप आल्यावर चित्र पालटू लागलं.

कोणी सांगेल की बाजारातल्या चिपमधला सहा मॉसफेटचा (गेटवरच्या व्होल्टेजने चालू-बंद होणाऱ्या ट्रान्झिस्टरांचा) एका बिटाचा सेल सुटे मॉसफेट २एन७००० वापरून तसाच उतरवा. तो उतरत नाही. चिपमध्ये निवडीचा मॉसफेट दोन्ही दिशांना बंद राहू शकतो. सुट्या २एन७००० मध्ये सोर्स आतूनच बॉडीला जोडलेला असतो, त्यामुळे एका दिशेचा डायोड तयारच असतो. डेटा वायर खाली गेली की न निवडलेल्या बिटाचा चार्जही त्या डायोडमधून निघून जातो.

तरी एक २एन७००० आणाच, डायनॅमिक मेमरी (कपॅसिटरमधल्या चार्जवर बिट ठेवणारी) समजायला. गेट आणि सोर्समध्ये १ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर, ड्रेनला एलईडी आणि ४७० ओहम. गेट क्षणभर ५ व्होल्टला टेकवा: एलईडी पेटतो आणि वायर काढली तरी बराच वेळ पेटलेला राहतो. मग हाच प्रयोग जुलैच्या ओल्या हवेत करा. ब्रेडबोर्डच्या पृष्ठभागावरची गळती १०० मेगओहम इतकी झाली, तर टाइम कॉन्स्टंट (चार्ज साधारण एकतृतीयांशावर यायला लागणारा वेळ) १०० सेकंदांवर येतो. बोटाचा घाम लागला तर त्याहून कमी. संगणकाची रॅम साधारण दर ६४ मिलिसेकंदांत ताजी का करावी लागते, ते इथे डोळ्यांनी दिसतं.

सामानासाठी ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरून लॅमिंग्टन रोड गाठा, पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असं दिसेल. रविवारी बरीच दुकानं बंद असतात. सुटे दहा-वीस मागण्यापेक्षा बीसी५४७ ची शंभराची पिशवी मागा. रेझिस्टन्स पाव वॅटचे, तेही शेकड्यानेच. सोबत १०४ नंबरचे (०.१ मायक्रोफॅरडचे) कपॅसिटर, सिंगल स्ट्रँड वायर आणि एक झिरो पीसीबी (सोल्डरिंगसाठी नुसती भोकं असलेला बोर्ड). लांब ब्रेडबोर्ड घेतलात तर त्याच्या पॉवरच्या पट्ट्या बऱ्याचदा मधोमध तुटक असतात, मल्टिमीटरने आधी तपासून जंपर टाका. दर ओळीच्या सुरुवातीला पॉवर आणि ग्राउंडमध्ये एक १०४ लावा, नाहीतर एक बिट पलटताना शेजारचा पलटेल.

एक ओळ ब्रेडबोर्डवर चालली की मगच झिरो पीसीबीवर जा. आणि सोळा झाल्यावर अशी चाचणी घ्या: सगळीकडे एक लिहा, एकाच बिटात शून्य लिहा, बाकीचे पंधरा बघा, शून्य केलेला बिट परत एक करा आणि पुढच्या बिटावर जा. मग सगळीकडे शून्य ठेवून हेच उलटं करा. बिघाड बहुधा एका पूर्ण ओळीत किंवा एका पूर्ण स्तंभात दिसेल. ओळीत दिसला तर डिकोडर तपासा, स्तंभात दिसला तर डेटा वायर. एकटाच बिट हट्ट करत असेल तर त्याचे १० के आधी बघा. अडलात तर सर्किटचा फोटो आणि चारही कलेक्टर-बेसची व्होल्टेज मोजून कॉमेंटमध्ये टाका, मी बघेन.