आयसीयूत मॉनिटरवर दिसणारा आयसीपीचा आकडा कसा समजून घ्यायचा?

तुम्ही विचारलंय की बाइकच्या अपघातात भावाच्या डोक्याला जबर मार लागलाय, तो व्हेंटिलेटरवर आहे, कवटीतून एक बारीक नळी काढून पिशवीला जोडलीय, आणि मॉनिटरवर ‘आयसीपी’चा आकडा कधी १४ तर कधी २८ दिसतो. २८ दिसला की घरच्यांचा धीर सुटतो. या आकड्यावरून डॉक्टर काय ठरवतात, हा तुमचा प्रश्न.

आयसीपी म्हणजे कवटीच्या आतला दाब, मिलिमीटर पाऱ्यात मोजलेला. मोठ्या माणसात तो साधारण ७ ते १५ असतो. कवटी हाडाची, ती ताणली जात नाही. आत मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचं पाणी (सीएसएफ) एवढ्यांचीच जागा. मेंदू सुजायला लागला की आधी थोडं पाणी आणि शिरांमधलं रक्त बाहेर सरकतं, त्यामुळे सुरुवातीला दाब फारसा वाढत नाही. ही सवड संपली की जरा जास्त सूज आली तरी दाब झपाट्याने चढतो. म्हणून काल १४ होता आणि आज २८ आहे, याचा अर्थ सूज दुप्पट झाली असा होत नाही.

ब्रेन ट्रॉमा फाउंडेशनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दाब २२ च्या वर गेला की उपचार करायचे. पण नुसता वर गेला म्हणून नाही, वर टिकला तर. सिस्टर सक्शन करतात (नळीने घशातला-छातीतला कफ ओढून काढतात), पेशंटला कुशीवर वळवतात, त्याला खोकला येतो, तेव्हा आकडा ३०-३५ ला जाऊन परत खाली येतो. त्याची काळजी करू नका. काही केलेलं नसताना पाच मिनिटं झाली तरी उतरत नाही, तेव्हा धावपळ करायची.

आता नळीबद्दल, कारण बरेच घोटाळे इथेच होतात. तुमच्या वर्णनावरून ती इव्हीडी दिसते, म्हणजे मेंदूच्या पोकळीत घातलेली नळी. तिचे फायदे दोन: दाब कळतो आणि जास्तीचं पाणी काढताही येतं. पण तिची तोटी पाणी पिशवीत जायला उघडी असेल, तर त्या वेळी दिसणारा आकडा खरा नसतो. तोटी पिशवीकडून बंद करायची, काही मिनिटं थांबायचं, पडद्यावर नाडीबरोबर हलणारी लाट नीट उमटतेय ना ते पाहायचं आणि मगच आकडा लिहायचा. लाट सपाट झाली असेल तर नळीत रक्ताची गुठळी किंवा हवेचा बुडबुडा अडकलाय का, हे आधी बघायचं. लाटेत लागोपाठ तीन उंचवटे असतात. एरवी पहिला सगळ्यात उंच असतो. दुसरा त्याच्या वर गेला तर आतली सवड संपत आलीय, मग आकडा १८ का असेना.

दाब मोजणारा ट्रान्सड्यूसर कानाच्या छिद्राच्या पातळीत लावून झीरो करतात, म्हणजे त्या पातळीला शून्य धरतात. समजा नंतर कोणी पलंगाचा डोक्याकडचा भाग वर केला आणि डोकं १० सेंटिमीटर वर गेलं, पण ट्रान्सड्यूसर खालीच राहिला. मग मॉनिटर साधारण ७ ने जास्त दाखवतो. खरा दाब १६ असताना २३ दिसेल आणि गरज नसताना औषध दिलं जाईल. त्याहून वाईट म्हणजे नळीतलं पाणी ज्यात ठिबकतं तो पिशवीच्या वरचा कप डोक्याच्या मानाने खाली गेल्याने पाणी भराभर निघून जातं, मेंदूच्या पोकळ्या आकसतात आणि कवटीखाली रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून पलंगाचा रिमोट नातेवाइकांनी कधीच दाबू नये, उशीही सरकवू नये. सिस्टरला सांगा.

आयसीपीइतकंच महत्त्व सीपीपीला आहे. सीपीपी म्हणजे सरासरी रक्तदाब वजा आयसीपी. सरासरी रक्तदाब ८५ आणि आयसीपी २० असेल तर मेंदूला रक्त पोचवायला ६५ उरतात. लक्ष्य ६० ते ७०. यातही एक खोच आहे: रक्तदाबाचा ट्रान्सड्यूसर छातीच्या पातळीला ठेवून डोकं ३० अंश वर केलं असेल, तर कानाशी प्रत्यक्ष रक्तदाब साधारण १० ने कमी असतो. पडद्यावरचे ६५ मेंदूपाशी ५५ च भरतात. पातळी कुठली धरलीय, हे आयसीयूतल्या सगळ्यांचं एकमताने ठरलेलं हवं.

दाब चढून राहिला तर आधी साध्या गोष्टी: मान सरळ, कॉलर सैल (घट्ट कॉलरने मानेच्या शिरा दबतात आणि डोक्यातलं रक्त उतरत नाही), डोकं ३० अंशांवर, ताप खाली, गुंगीचं औषध पुरेसं, रक्तातला कार्बन डायऑक्साइड ३५ ते ४० मध्ये. मग इव्हीडीतून पाणी काढणं. मग मॅनिटॉल (मेंदूतलं पाणी ओढून दाब उतरवणारं औषध), वजनाच्या किलोमागे पाव ते १ ग्रॅम. २० टक्क्यांच्या १०० मिलिलिटरच्या बाटलीत २० ग्रॅम असतं. त्याने लघवी खूप होते. ती भरून काढली नाही तर रक्तदाब पडतो आणि सीपीपीही पडतो, म्हणून रक्तदाब आधीच कमी असेल तर ३ टक्के सलाइन बरं. व्हेंटिलेटरने श्वास वाढवून कार्बन डायऑक्साइड खाली आणला की दाब चटकन उतरतो, पण तो मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसल्यामुळे. म्हणून हा उपाय थोड्या वेळापुरताच. एवढ्याने भागलं नाही तर पुन्हा सीटी आणि गरज पडल्यास कवटीचं हाड काढायचं ऑपरेशन.

आकडा कितीही चांगला असला तरी दर तासाला डोळ्यांच्या बाहुल्या बघायलाच हव्यात. एक बाहुली मोठी होऊन उजेडाला आकसेनाशी झाली, तर आयसीपी १५ दिसला तरी ती इमर्जन्सी आहे. मेंदूच्या कानाजवळच्या भागातली रक्ताची गाठ किंवा सूज कमी दाबातही मेंदूचा देठ दाबू शकते. अंग हलत नसतानाही मेंदूत झटके चालू असू शकतात. ते फक्त ईईजीत (मेंदूतल्या विजेच्या लहरींच्या आलेखात) दिसतात, आणि अर्ध्या तासाच्या ईईजीत निसटू शकतात. गुंगी उतरूनही पेशंट जागा होत नसेल तर दिवसभराच्या ईईजीबद्दल जरूर विचारा.

तुमच्या वॉर्डातल्या ज्या पेशंटच्या डोक्यात दाब मोजणारी नळी किंवा वायर नाही, त्यांच्या घरच्यांनाही सांगा, की तेवढ्यावरून उपचार कमी पडतायत असं होत नाही. बोलिव्हिया आणि इक्वाडोरमध्ये ३२४ पेशंटवर झालेल्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका गटावर आयसीपीच्या आकड्यानुसार आणि दुसऱ्यावर ठरलेल्या वेळी तपासणी व सीटी करून उपचार केले. निकालात लक्षणीय फरक पडला नाही. अट एकच, ती तपासणी खरोखर वेळच्या वेळी व्हायला हवी.

उद्या डॉक्टर भेटतील तेव्हा ‘आज किती आहे?’ एवढंच विचारू नका. दाब २२ च्या वर किती वेळ होता, उतरवायला काय द्यावं लागलं, दोन्ही बाहुल्या उजेडाला आकसतायत का, आणि गुंगी कमी केल्यावर जीसीएसमधला (शुद्धी किती आहे ते मोजणाऱ्या गुणांमधला) हालचालीचा गुण (६ पैकी) किती आला, ही चार उत्तरं रोज वहीत तारखेसकट लिहून ठेवा.