‘कन्फेशन’ म्हणजे नेमकं काय, आणि ते ‘ॲडमिशन’पेक्षा वेगळं कसं?

तुम्ही विचारलंय की ‘कन्फेशन’ हा शब्द आला कुठून, आणि ‘ॲडमिशन’ व ‘कन्फेशन’ दोन्ही म्हणजे कबुलीच ना?

मुळात या शब्दात गुन्हाही नाही आणि पापही नाही, आहे ते फक्त बोलणं. लॅटिन ‘कॉन्फितेरी’मधलं ‘फातेरी’ म्हणजे मान्य करणं, आणि तेही ‘फारी’, म्हणजे बोलणं, याच घरातलं. फेम (लोक बोलतात ती कीर्ती), फेबल आणि इन्फंट (अजून बोलता न येणारं मूल) ही त्याचीच भावंडं. संस्कृत ‘भण्’ धातूही बरेच कोशकार याच कुळात धरतात, आणि आपलं ‘म्हणणे’ आलंय त्या ‘भण्’वरून. म्हणजे नातं दूरचं, पण आहे.

इंग्रजीत हा शब्द फ्रेंचमार्गे 14व्या शतकात आला तो चर्चचा शब्द म्हणून. 1215च्या लॅटरन परिषदेने (कॅथलिक चर्चच्या धर्मसभेने) प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी धर्मगुरूपुढे पाप सांगावं असा नियम केला होता, त्यामुळे पापाचा अर्थ ठसला. जुना अर्थ मात्र मेला नाही. इंग्लंडचा राजा एडवर्ड द कन्फेसर याने कसलाही गुन्हा कबूल केला नव्हता. हुतात्मा न होता श्रद्धा उघडपणे जगणाऱ्या संताला ‘कन्फेसर’ म्हणत. गोव्यात पोर्तुगीज ‘कॉन्फेसार’चं कोंकणीत ‘कुमसार’ झालं, ते चर्चमधल्या पापनिवेदनापुरतंच.

आता कायदा. ‘त्या रात्री मी तिथे होतो’ ही ॲडमिशन, एका वस्तुस्थितीची मान्यता. ‘मी त्याला मारलं’ हे कन्फेशन. 1939 साली पाकला नारायण स्वामी खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने (तेव्हाचं लंडनमधलं सर्वोच्च अपील न्यायालय) ही रेघ ओढली: गुन्हाच, किंवा गुन्हा ठरवणाऱ्या जवळजवळ सगळ्या गोष्टी मान्य केल्या तरच ते कन्फेशन. ज्या सुऱ्याने खून झाला तो माझाच, नुकता माझ्याकडेच होता, एवढं म्हणणं पुरत नाही, मग ते कितीही गोत्यात आणणारं असो.

आणि कोणापुढे बोललात, हे कायदा फार बघतो. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023च्या कलम 23नुसार पोलीस अधिकाऱ्यापुढचं कन्फेशन आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. त्याच्या सांगण्यावरून हत्यार वगैरे सापडलं, तर त्या शोधाशी थेट जोडलेला भाग तेवढा चालतो. (मोक्कासारख्या विशेष कायद्यात अपवाद आहे.) दंडाधिकाऱ्यापुढचं चालतं, पण ‘कबुली देणं बंधनकारक नाही, दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाऊ शकते’ हे त्यांनी आधी सांगावंच लागतं. ‘आरोपीची पोलिसांकडे कबुली’ ही बातमी वाचून खटला संपला असं समजणारे इथेच फसतात.

मराठीत ‘कबुलीजबाब’ छान बसतो, कारण पोलिसी ‘जबाब’ म्हणजे नोंदवलेलं निवेदन. पण ‘आय मस्ट कन्फेस, आय डोन्ट लाइक टी’ याचं ‘मला कबुली द्यावी लागेल’ असं भाषांतर करू नका. तिथे ‘खरं सांगायचं तर’ एवढंच. इंग्रजीत लिहिताना ‘कन्फेस्ड टु स्टील’ही चुकतं, हा ‘टु’ शब्दयोगी असल्याने पुढे ‘स्टीलिंग’ हवं.