गॅस गिझर असलेल्या घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म कुठे लावावा?

तुम्ही लिहिलंय की 2 बीएचके फ्लॅट आहे, बाथरूममध्ये गॅस गिझर आहे, तर अलार्म बाथरूमच्या आत लावायचा की बाहेर, आणि किती उंचीवर. बाहेर लावा. पण त्याआधी गिझर बाहेर काढा. गिझर आतच राहणार असेल तर अलार्म कुठेही लावला तरी आंघोळ करणाऱ्या माणसाला त्याचा फारसा उपयोग नाही.

इतकं ठाम लिहितोय कारण आमच्या घरात याच गिझरवरून वाद झाला आणि तो अजून पुरता मिटलेला नाही.

आमचं घर नाशिकला. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या सुरू झाल्या की आमच्याकडेही कडकडीत पाण्याशिवाय कोणी आंघोळीला जात नाही. विजेचं बिल वाचेल म्हणून मोठ्या काकांनी गॅसचा गिझर आणवला, प्लंबरकडून शॉवरच्या शेजारीच बसवून घेतला आणि गार वारा येतो म्हणून वरच्या झरोक्याला थर्माकोल लावून टाकला. धाकटी बहीण तेव्हा कॉलेजला होती. केस धुवायचा दिवस, त्यामुळे आंघोळ लांबलेली. आत पाणी पडतंय, हाका मारल्या तरी ओ नाही. शेवटी धक्के मारून कडी उचकटली. ती फरशीवर पडलेली, हातपाय ताठ, डोळे फिरलेले, तोंडाला फेस. उचलून हॉलमध्ये आणली, तिथे खिडक्या उघड्या होत्या, थोड्या वेळाने शुद्धीवर आली. डोकं फुटतंय म्हणाली आणि उलटी केली.

काकांनी कोरोनाच्या वेळचा ऑक्सिमीटर तिच्या बोटाला लावला. आकडा 98. ‘ऑक्सिजन एकदम नॉर्मल आहे, गॅसबिस काही नाही. पोरगी सकाळी उपाशी असते, चक्कर आली.’ जवळच्या डॉक्टरांनी फिट आल्याचं लिहून दिलं आणि गोळ्या सुरू केल्या.

पुढचं तुम्हाला सांगायला नको. मुलीला फिट येते हे कॉलनीत आणि नात्यात पसरायला वेळ लागत नाही. तिची स्कूटी बंद झाली, एकटीने प्रवास बंद झाला, एक जमत आलेलं स्थळ मागे गेलं. आई देवापुढे बसून रडायची. गोळ्यांनी बहिणीला दिवसभर झोप येई, अभ्यास होईना. आणि हे सगळं सोसत असताना ती त्याच बाथरूममध्ये, त्याच गिझरखाली आंघोळ करत होती.

नंतर दुसऱ्या एका मेंदूविकारतज्ज्ञांकडे नेलं. ईईजी (मेंदूतल्या विजेचा आलेख) साफ, एमआरआय साफ. त्यांनी विचारलं, ‘पडली ती आंघोळ करतानाच ना? गिझर गॅसचा आहे? खिडकी बंद होती?’ तीनही उत्तरं हो आल्यावर त्यांनी वही बाजूला ठेवली आणि आम्हाला समजावून सांगितलं. आपल्याकडच्या वैद्यकीय नियतकालिकांत गॅस गिझर सिंड्रोम या नावाने असे रुग्ण नोंदवलेले आहेत: बाथरूममध्ये बेशुद्ध पडणं, झटके येणं, आणि मग अपस्माराचा, म्हणजे फिटचा, शिक्का. तिच्या गोळ्या त्यांनीच हळूहळू कमी करून थांबवल्या. त्यानंतर तिला पुन्हा कधी तसं झालेलं नाही.

एक लिटर एलपीजी वायू नीट जळायला साधारण 25 ते 30 लिटर हवा लागते. छोट्या बंद बाथरूममधली हवा गिझर भराभर खातो, वर वाफ साठते, आणि मग गॅस अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट धरतो, त्यामुळे मेंदूला ऑक्सिजन पुरत नाही. साध्या ऑक्सिमीटरला हिमोग्लोबिनला ऑक्सिजन चिकटलाय की कार्बन मोनॉक्साइड, हा फरक कळत नाही, म्हणून 98 दाखवतो. त्या 98 वर विसंबून कुणालाही घरी ठेवू नका. शंका असेल तर लगेच दवाखान्यात न्या आणि रक्तातलं कार्बोक्सिहिमोग्लोबिन (कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन) तपासा असं स्पष्ट सांगा. साध्या हवेत ते चार-पाच तासांत निम्म्यावर येतं, ऑक्सिजनचा मास्क लावला की त्याहून कितीतरी लवकर. दुसऱ्या दिवशी तपासून हाती काही लागत नाही. आमच्या हाती लागलं नाहीच.

डॉक्टरांचं काकांना पटेना. म्हणून मी आकडा दाखवणारा अलार्म मागवला. बाथरूममध्ये कोणी नसताना नळ सोडला, गिझर पेटला, अलार्म आत ठेवून दार लावलं. आंघोळीला लागतो तेवढाही वेळ गेला नसेल, तो किंचाळायला लागला. आकडा तीनशेच्या वर. काका म्हणाले, चायनीज वस्तू आहे, काहीही दाखवते. मग तोच अलार्म हॉलमध्ये आणला, हळूहळू शून्यावर आला. पुन्हा आत नेला, पुन्हा वाजला. यावर त्यांचं उत्तर होतं की त्यांच्या स्वतःच्या घरी दहा वर्षं असाच आहे, काही झालं नाही. आणि गॅस असता तर वास आला नसता का?

नसता आला. सिलिंडरच्या गॅसला वास मुद्दाम मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला वासही नाही, रंगही नाही. आणि दहा वर्षं काही झालं नाही याचा अर्थ एवढाच की त्या घरात पुरुष दोन बादल्यांत आंघोळ उरकून बाहेर येतात. केस धुणारी मुलगी, बाळाला न्हाऊ घालणारी बाई, गुडघे दुखतात म्हणून सावकाश आंघोळ करणारी आजी, धोका यांना आहे. बर्नर जुना होतो, काजळी धरतो, तसा तो वाढतो. ज्योत पिवळी दिसली तर गिझर ताबडतोब बंद करा, पण निळी दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका.

आता अलार्मचं. कार्बन मोनॉक्साइड हवेपेक्षा नावापुरता हलका असतो, तो खोलीभर मिसळतो. जमिनीलगत लावायचा असतो तो एलपीजी गळतीचा डिटेक्टर, कारण एलपीजी जड असते. ती वेगळी वस्तू आहे, एकाच्या जागी दुसरी चालत नाही. दुकानदार दोन्ही ‘गॅसचा अलार्म’ म्हणूनच देतात, तेव्हा खोक्यावर ईएन 50291 किंवा यूएल 2034 हे मानक लिहिलंय का ते बघून घ्या. बाथरूमच्या आत लावू नका, वाफेने सेन्सर बिघडतो. दाराबाहेरच्या पॅसेजमध्ये, गिझरपासून एक ते तीन मीटरवर, दाराच्या चौकटीपेक्षा उंच पण छतापासून किमान 15 सेंटिमीटर खाली. दुसरा बेडरूममध्ये, झोपलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीला. पडद्यामागे, कपाटात, पंख्याच्या झोतात, खिडकीजवळ किंवा शेगडीच्या डोक्यावर नको.

आता मी सुरुवातीला जे म्हटलं त्याचं कारण. ईएन 50291 प्रमाणे 300 पीपीएमला (पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत गॅसचे किती भाग) अलार्म 3 मिनिटांत वाजला पाहिजे, पण 50 पीपीएमला त्याला तासभराहून जास्त मुभा आहे. दार बंद असताना आत तीनशेच्या कितीतरी वर आणि पॅसेजमध्ये फटीतून आलेले वीस-तीस असं सहज होऊ शकतं. अलार्म गप्प राहील आणि आत माणूस पडलेला असेल. पॅसेजमधला अलार्म घरातल्या बाकीच्यांसाठी आहे. एक्झॉस्ट फॅन लावला की झालं असंही नाही, आत हवा यायला दाराला खालून जाळी नसेल तर फॅन ओढणार काय? गिझर ड्राय बाल्कनीत हलवा, पाण्याची लाइन आत घ्या. इमारतीच्या डक्टमध्ये मात्र लावू नका, तिथे शेजाऱ्यांच्या बाथरूमचे झरोके उघडतात. वीज किंवा सोलर परवडत असेल तर गॅस सोडूनच द्या.

काही गोष्टी राहिल्या. मी केली तशी चाचणी तुम्ही करू नका, दार उघडताना तो गॅस तुमच्याच तोंडावर येतो. अलार्मवरचं टेस्टचं बटण बहुधा बॅटरी आणि भोंगा तपासतं, सेन्सर नाही. सेन्सरचं आयुष्य 5 ते 10 वर्षं, मागे छापलेली तारीख बघा. इन्व्हर्टरच्या बॅटरीजवळ लावलात तर चार्जिंगच्या वेळी सुटणाऱ्या हायड्रोजननेही वाजू शकतो. पण वाजला की आधी खराच धरा: गिझर बंद, दारं-खिडक्या उघड्या, सगळे बाहेर, कुणाला गरगरत असेल तर 108. आणि फिटच्या गोळ्या चालू असतील तर हे उत्तर वाचून बंद करू नका, डॉक्टरांना गिझरबद्दल सांगा आणि त्यांनाच ठरवू द्या.

गिझर हलवेपर्यंत एक करा. बाथरूमचं दार आणि खिडकी सताड उघडी ठेवून बादल्या भरून घ्या, गिझर बंद करा, हवा खेळू द्या, मगच आत जाऊन दार लावा. आमचा गिझर आता ड्राय बाल्कनीत आहे. काकांच्या घरचा अजून आतच आहे, पण त्यांच्या सुनेने घरात हा बादल्यांचा नियम लावलाय, आणि तो तरी ते पाळतात.