डोंगरावरच्या ख्रिस्ती विश्रामगृहातील सेवकाचे जीवन : चार वर्षांचा अनुभव

ताई, आपल्या धाकट्या भावाचे सेमिनरीचे, म्हणजे ख्रिस्ती धर्मसेवेचे, शिक्षण पूर्ण झाले असून उत्तराखंडातील कुमाऊँच्या डोंगरातील एका ख्रिस्ती विश्रामगृहातून त्याला दोन वर्षांसाठी सेवक म्हणून बोलावणे आले आहे, आणि हे मिशनकार्य की हॉटेलातली नोकरी, यावरून घरात वाद चालू आहे, असे आपण लिहिले आहे. मी मूळचा नगरचा. त्याच डोंगरपट्ट्यातील अशा एका विश्रामगृहात मी चार वर्षे काढली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रथम कामाविषयी. आपल्या भावाचा बहुतेक दिवस पाणी, अंथरुणे, स्वयंपाकघर आणि हिशेबाची वही यांत जाईल. एप्रिल ते जून हा गर्दीचा हंगाम असतो आणि ऑक्टोबरात पुन्हा थोडी वर्दळ होते. पहाटे साडेचारला उठून पाणी तापवायचे, सहाला चहा, मग छोटी प्रार्थनासभा. पाहुणे फिरायला बाहेर पडले की खोल्या झाडायच्या आणि ऊन असेल तर रजया गच्चीवर टाकायच्या. चार दिवस ऊन न दिसलेल्या रजईला जो कुबट वास येतो, तो कोणत्याही प्रवचनाने झाकला जात नाही. मे महिन्यात चीर नावाच्या पाइनवृक्षाच्या वाळलेल्या पानांचा, ज्याला तिकडे पिरूल म्हणतात, घराभोवतीचा थर रोज ओढून काढावा लागतो, कारण वणवा याच पिरूलावरून धावत येतो. पावसाळ्यात दरड कोसळून रस्ता बंद झाला की भाजी चार-पाच दिवस येत नाही. डिसेंबर-जानेवारीत पाहुणे नसतात. खरी परीक्षा तेव्हा असते, कारण एकटेपणा माणसाला बसून खातो.

मग यात मिशनकार्य कोठे आहे? त्यासाठी या प्रथेचे मूळ पाहावे लागते. ई. स्टॅनली जोन्स हे मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचे अमेरिकन मिशनरी 1907 साली भारतात आले. साबरमती आणि शांतिनिकेतन येथे राहून त्यांनी आश्रमजीवन जवळून पाहिले आणि 1930 साली कुमाऊँतच भीमतालजवळ सातताल येथे ख्रिस्ती आश्रम सुरू केला. तेथे पदव्या आणि मानाची बिरुदे दाराबाहेर ठेवून सर्वांनी एकमेकांना साध्या नावाने हाक मारायची असा नियम होता. त्याहून कठीण नियम असा की, आठवड्यातून एक दिवस नोकरांना सुट्टी देऊन त्यांची सर्व कामे, अगदी शौचकूप साफ करण्यासह, आश्रमवासीयांनी करायची. योहानाच्या शुभवर्तमानातील तेराव्या अध्यायात प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, त्याचाच हा रोकडा अर्थ होता. ख्रिस्ती आश्रमाची कल्पना आपल्याकडे परकी नव्हती, हेही सांगायला हवे. मराठी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला तो 1917 साली, म्हणजे सातताल आश्रमाच्या तेरा वर्षे आधी.

आमच्या विश्रामगृहातही हा सफाईचा दिवस पाळला जात असे. पहिल्या वेळी मी बादली आणि खराटा घेऊन गेलो तेव्हा, खरे सांगतो, नाकाला रुमाल बांधूनही मला मळमळत होते, आणि ज्यांचे ते रोजचे काम होते ते काका जेवणाच्या टेबलाशी बसवल्यावर इतके अवघडले की ताट उचलून बाहेर पायरीवर जाऊन जेवले. त्यांना टेबलाशी निवांत बसायला पाऊण वर्ष लागले. मला सेमिनरीत जे तीन वर्षांत कळले नव्हते, ते त्या पाऊण वर्षात थोडेफार कळले.

पाहुण्यांना उपदेश करण्याविषयी माझे मत स्पष्ट आहे. पैसे देऊन विश्रांतीसाठी आलेला माणूस हा आपला श्रोता नव्हे. प्रार्थनासभेची वेळ फळ्यावर लिहावी, ज्यांना यायचे ते येतील. पुण्याहून आलेल्या एका निवृत्त गृहस्थांनी पहिल्याच सकाळी पोहे खाताना विचारले, "बाटवणार तर नाही ना?" मी म्हणालो, "आधी पोहे कसे झालेत ते सांगा, काका." पुढे रोज रात्री ते माझ्याशी तास तास बोलत बसत, आणि ते सारे त्यांनीच काढलेले विषय असत. शिवाय उत्तराखंडात 2018 पासून धर्मस्वातंत्र्य कायदा, म्हणजे बळाने किंवा आमिषाने धर्मांतर करण्यास बंदी घालणारा कायदा, लागू आहे आणि 2022 साली त्यातील शिक्षा वाढवण्यात आली आहे. त्याची माहिती भावाने जाण्यापूर्वी एखाद्या वकिलाकडून नीट घ्यावी. मात्र कायदा नसता तरी माझे मत हेच राहिले असते.

गावाशी संबंध कसे जुळतात, हे मला माझ्याच चुकीमुळे कळले. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात मी रात्री टाकीचा नळ नीट बंद केला नाही. सकाळी टाकी कोरडी आणि घरात बावीस पाहुणे. खालच्या वस्तीत नौला होता, म्हणजे दगडी बांधणीचा झऱ्याचा कुंड. उन्हाळ्यात त्यावर साऱ्या वाडीची भिस्त असे, म्हणून मागायलाही लाज वाटत होती. तेथल्या एका दीदींनी काही न विचारता आधी आमचे हंडे भरू दिले आणि स्वतःच्या दोन मुलींना डोक्यावरून पाणी वर पोचवायला पाठवले. तोवर मी त्या वस्तीत 'सेवा करायला' जात होतो. त्यानंतर मी तेथे गवत कापू लागायला, कुणाचा अर्ज लिहून द्यायला, किंवा नुसता चहाला जाऊ लागलो.

भावाने होकार देण्यापूर्वी काही गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात: मानधन किती आणि ते हिवाळ्यातही मिळते का, वर्षातून घरी येण्यास किती दिवसांची रजा मिळते, आणि आजारी पडल्यास खाली हल्द्वानी शहरापर्यंत नेण्याची सोय कोणाची. 'प्रभू पुरवील' हे उत्तर या प्रश्नांना चालत नाही. काठगोदामला रेल्वेतून उतरल्यावर पुढचा सारा रस्ता घाटाचा आहे, त्यामुळे सामान बेताचे द्यावे. लोकरीचे कपडे आणि चांगले बूट तेवढे असावेत. नाचणीचे पीठ मात्र बांधून देऊ नका. तिकडे मंडुवा म्हणतात ती नाचणीच, आणि तिची भाकरी आपल्यासारखीच चुलीवर भाजतात.