बुतो नृत्य म्हणजे काय, आणि काझुओ ओनो नव्वदीनंतरही ते कसे नाचले?

आपण विचारले आहे की बुतो हा जपानी नृत्यप्रकार नेमका काय आहे, आणि काझुओ ओनो यांना तो इतक्या उतारवयातही कसा जमला. मी बारा वर्षे कथक शिकले आहे. बुतो मात्र केवळ चित्रफितींतून पाहिला आहे, तरी गेली कित्येक वर्षे तो मनातून गेलेला नाही.

बुतोचा आरंभ सामान्यतः 1959 सालच्या तात्सुमी हिजिकाता या जपानी नर्तकाच्या एका छोट्या, खळबळजनक प्रयोगापासून मानला जातो. त्यात ओनोंचा तरुण मुलगा योशितो नाचला होता. हिजिकातांनी या नृत्याला ‘अंकोकु बुतो’, म्हणजे घोर अंधाराचे नृत्य, असे नाव दिले. अंगाला फासलेला पांढरा रंग, वाकलेले गुडघे, अतिशय संथ हालचाल ही त्याची वरवरची ओळख झाली. समेवर येण्याची सवय जडलेल्या मला पहिल्या वेळी मात्रा कुठे मोजायच्या हेच कळेना.

ओनोंची वाट मात्र त्याच्या फार आधी सुरू झाली होती. 1906 साली होक्काइदोतील हाकोदाते येथे जन्मलेले ओनो 1929 मध्ये तोक्योत शारीरिक शिक्षणाचे विद्यार्थी होते. तेथील इम्पीरियल थिएटरमध्ये त्यांनी ‘ला अर्जेंतिना’ या नावाने ख्यातकीर्त असलेल्या आंतोनिया मेर्से या स्पॅनिश नर्तकीचा कार्यक्रम पाहिला आणि ते भारावून गेले. पुढे ते योकोहामातील ख्रिस्ती शाळांत व्यायामशिक्षक झाले, आधुनिक नृत्य शिकले, आणि 1938 मध्ये सैन्यात भरती करण्यात आल्यावर चीन व न्यू गिनीत मिळून नऊ वर्षे अडकून पडले. परतीच्या जहाजावर मेलेल्या सोबत्यांना समुद्रातच सोडावे लागले होते. त्या स्मरणातून पुढे त्यांचे जेलीफिशचे नृत्य जन्मले. पहिला स्वतंत्र कार्यक्रम त्यांनी 1949 मध्ये केला, तेव्हा त्यांचे वय त्रेचाळिशीच्या घरात होते. ज्या वयात आपल्याकडे नर्तकीला ‘आता शिकवायला लागा’ असे सांगतात, त्या वयात हा माणूस रंगमंचावर पहिले पाऊल टाकत होता.

आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर मला 1977 च्या ‘ला अर्जेंतिना शो’ या कृतीत दिसते, जिचे दिग्दर्शन हिजिकातांनी केले होते. मेर्से यांना पाहिल्यानंतर अठ्ठेचाळीस वर्षे उलटून गेली होती, त्या स्वतः 1936 मध्येच निवर्तल्या होत्या, आणि ओनो सत्तर ओलांडून गेले होते. प्रयोगाच्या आरंभी ते प्रेक्षकांतून उठतात: अंगात स्त्रीचा झगा, डोक्यावर टोपी, पांढऱ्या रंगाखाली न लपणाऱ्या सुरकुत्या. ते सावकाश मंचाकडे जातात, आणि त्या जीर्ण देहातून हळूहळू एक मुलगी उमलू लागते. ते तिची नक्कल करत नाहीत. गळ्याची सैल कातडी, हाडे उठून दिसणारे मोठाले हात, काहीही झाकलेले नाही, तरी मान थोडी कलली की ती मुलगी तिथे असते. कथकात आम्ही वय लपवायला शिकतो, चक्करांचा वेग टिकवायची पराकाष्ठा करतो. ओनोंच्या नृत्यात म्हातारपण हेच साहित्य आहे, म्हणून वय वाढल्याने त्यांच्याजवळचे काही कमी झाले नसावे, असे मला वाटते.

1980 मध्ये फ्रान्समधील नान्सीच्या महोत्सवानंतर जगभरातून त्यांना बोलावणी येऊ लागली. पुढे आईवरची ‘माझी आई’ ही कृती झाली. परदेशांतले दौरे नव्वदी ओलांडेपर्यंत चालू होते. पाय थकले तेव्हा ते चाकाच्या खुर्चीत बसून नाचले. 2010 मध्ये, वयाच्या एकशे तिसऱ्या वर्षी, ते वारले. त्या शेवटच्या काळातली एक चित्रफीत मी वारंवार पाहते: योशितो त्यांच्याजवळ आहेत, संगीत सुरू होते, खुर्चीत बसलेल्या ओनोंचे पाय हलत नाहीत, आणि मग मांडीवरचा हात उचलला जातो, बोटे एकेक करून उघडतात, हात तसाच हवेत थांबतो.